खात्रीचा की मोठ्या मजलेचा? आइस हॉकीतील तरुण बचावपटू निवडण्याची रीत

नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजेच एनएचएलच्या, वार्षिक ड्राफ्टमध्ये ३२ संघ सात फेऱ्यांत मिळून सव्वादोनशेच्या आसपास खेळाडूंवर हक्क सांगतात आणि त्यांतील बहुतेक खेळाडू जेमतेम अठरा वर्षांचे असतात. गोलरक्षक वगळले, तर या वयात ज्यांचे भविष्य वर्तवणे सर्वांत अवघड, ते बचावपटू होत. बचावपटूला बराच वेळ उलटे स्केटिंग करत, समोरून वेगाने येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहत निर्णय घ्यावे लागतात. त्याची चूक झाकायला त्याच्या मागे फक्त गोलरक्षक उरतो, आणि ज्या ताकदीवर त्याचे काम चालते ती ताकद अंगात यायला बावीस-तेवीस वर्षे उजाडतात. तरीही हात आखडता घेता येत नाही. सामन्यात सहाच बचावपटू तीन जोड्यांत खेळतात आणि पहिल्या जोडीतील खेळाडू साठ मिनिटांपैकी चोवीस-पंचवीस मिनिटे बर्फावर असतो. असा खेळाडू बाजारात क्वचितच मिळतो. तो बहुधा ड्राफ्टमधूनच घडवावा लागतो.

या लेखातील पायऱ्या स्वतःची यादी तयार करणाऱ्यांसाठी आहेत. टोरंटोत किंवा न्यू जर्सीत राहून संघाच्या निवडीवर वाद घालणारे चाहते, खेळाडूंना वर्षानुवर्षे आपल्याकडे राखून ठेवण्याची मुभा देणाऱ्या फँटसी लीगमध्ये भाग घेणारे आणि स्काउटिंग शिकू पाहणारे, असे तिन्ही प्रकारचे वाचक त्यात येतात. माझे म्हणणे आधीच सांगतो. ‘सुरक्षित’ हा शिक्का बहुतेक वेळा उंचीवर आणि खेळाच्या साधेपणावर मारला जातो, आणि बचावपटूच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाहीत.

पायरी १ : खात्री नेमकी कशाची, हे आधी विचारा

प्रत्येक खेळाडूबद्दल दोन वेगळे प्रश्न मांडावेत. सगळे बेताचेच जमले तर तो कुठवर पोहोचेल, हा पहिला. आणि सगळे मनासारखे घडले तर त्याची मजल कुठवर जाईल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘एनएचएलमध्ये नक्की खेळेल’ असे आले की अनेकांना हायसे वाटते. पण तो कोणत्या जोडीत खेळेल, हे विचारल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही.

तिसऱ्या जोडीतला बचावपटू दर वर्षी जुलैमध्ये खुल्या बाजारातून घेता येतो. २०२५-२६ च्या हंगामात संघाच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा ९.५५ कोटी डॉलर होती आणि लीगमधील किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर. म्हणजे मर्यादेचा एक टक्काही खर्च न करता जो खेळाडू मिळू शकतो, त्याच्या खात्रीसाठी पहिल्या फेरीतली निवड वापरणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. खात्री दुसऱ्या जोडीची असेल, रोज वीस-एकवीस मिनिटे निभावण्याची असेल, तर मात्र तिला मोल आहे, आणि ते मोल पुष्कळ आहे. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ ही म्हण ड्राफ्टच्या टेबलावर लागू करण्यापूर्वी हातात नेमके काय आहे, ते मोजून घ्यावे.

पायरी २ : निवडीचा क्रमांक किती महाग आहे ते पाहा

एकच खेळाडू चौथ्या क्रमांकावर धाडसाचा आणि चाळिसाव्या क्रमांकावर शहाणपणाचा ठरू शकतो. उत्कृष्ट बचावपटूला मिळणाऱ्या नॉरिस करंडकाचे २०१७ ते २०२५ या काळातील मानकरी कोणत्या क्रमांकावर निवडले गेले होते, हे पाहिले की चित्र बरेच स्पष्ट होते. ब्रेंट बर्न्स २० व्या क्रमांकावर, आणि तोही आक्रमक फळीतला खेळाडू म्हणून. व्हिक्टर हेडमन दुसऱ्या. मार्क जिओर्डानो कुठेच नाही, कारण त्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलेच नव्हते. रोमन योसी ३८ व्या. ॲडम फॉक्स ६६ व्या. केल मकार चौथ्या, आणि त्याने हा मान दोनदा मिळवला. एरिक कार्लसन १५ व्या. क्विन ह्यूज सातव्या. हे आठ जण पहिल्या दहात, पहिल्या फेरीच्या मध्यापासून पुढे, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आणि ड्राफ्टबाहेर असे सर्वत्र पसरलेले आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिल्या चार-पाच क्रमांकांवर मजल आणि खात्री दोन्ही मागण्याचा आपल्याला हक्क आहे; तिथे तडजोड करायची वेळ आली, तर बचावपटूऐवजी आक्रमक फळीतला खेळाडू घेण्याचा पर्यायही खुला असतो. दुसऱ्या फेरीपासून पुढे मात्र खात्री जवळपास संपलेली असते. तिथे ‘निदान तिसऱ्या जोडीत तरी खेळेल’ असे ज्याच्याबद्दल बोलले जाते, त्यालाही प्रत्यक्षात तिथवर पोहोचण्याची हमी नसते. मग पोहोचलाच तर खूप देऊन जाईल, असा खेळाडू घेणे अधिक फायद्याचे. खरी कसरत पाच ते पंचवीस या टप्प्यात होते, आणि पुढील पायऱ्या प्रामुख्याने त्या टप्प्यासाठी आहेत.

पायरी ३ : जन्मतारीख लिहून ठेवा

ज्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण होतात, त्या वर्षी खेळाडू ड्राफ्टला पात्र होतो. त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेला आणि आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या शेवटी जन्मलेला, हे दोघे एकाच ड्राफ्टमध्ये असतात, जरी त्यांच्या वयात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते. सतराव्या-अठराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे पुष्कळ काळ झाला. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सने पहिल्या क्रमांकावर घेतलेला मॅथ्यू शेफर ५ सप्टेंबर २००७ चा, म्हणजे मर्यादेच्या अवघे दहा दिवस अलीकडचा. दुखापतीमुळे त्या हंगामात तो ईरी ऑटर्स या ज्युनियर संघाकडून फक्त १७ सामने खेळला होता. कमी वय आणि कमी सामने ही दोन्ही कारणे एरवी अनिश्चिततेची मानली जातात. पण इतक्या कोवळ्या वयात त्याचे स्केटिंग आणि त्याची समज ज्या पातळीवर होती, त्यामुळे त्याच्याकडे अजून वाढीला जागा आहे, असाच अर्थ संघांनी काढला.

उलट प्रकारही ध्यानात ठेवावा. एकदा डावलला जाऊन पुढच्या वर्षी निवडला गेलेला एकोणीस वर्षांचा बचावपटू म्हणजे शिळा माल, अशी एक समजूत असते. कोल्टन परायको २०११ मध्ये कोणी घेतला नाही; २०१२ मध्ये सेंट लुइसने तिसऱ्या फेरीत ८६ व्या क्रमांकावर घेतला आणि २०१९ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकणाऱ्या संघाच्या बचावाचा तो आधारस्तंभ होता. शरीराची उशिरा झालेली वाढ हे उशिरा निवडीचे कारण असेल, तर त्या खेळाडूकडे दुसऱ्यांदा पाहावे. निर्णयशक्ती उशिरा वाढेल या आशेवर मात्र मी सहसा पैज लावत नाही.

पायरी ४ : गुण वाचा, पण लीग पाहून वाचा

२०१७ च्या ड्राफ्टमधील तिसरा आणि चौथा क्रमांक शेजारी ठेवून पाहावा. तिसऱ्या क्रमांकावर डॅलसने घेतलेला मिरो हेस्कानेन फिनलंडमध्ये एचआयएफकेच्या प्रौढ संघातून खेळत होता. ३७ सामन्यांत त्याचे गुण, म्हणजे गोल आणि सहाय्ये मिळून, १०. चौथ्या क्रमांकावर कोलोरॅडोने घेतलेला केल मकार अल्बर्टाच्या ज्युनियर लीगमध्ये ब्रुक्स बँडिट्सकडून खेळत होता. ५४ सामन्यांत त्याचे गुण ७५. ही लीग कॅनडाच्या तीन प्रमुख ज्युनियर लीगपेक्षा एक पायरी खालची मानली जाते, त्यामुळे त्याच्या आकड्यांकडे अनेकांनी भुवया उंचावून पाहिले. दोघेही पुढे आपापल्या संघाच्या पहिल्या जोडीत गेले. नुसते गुण वाचणाऱ्याने हेस्कानेन सोडला असता, आणि नुसती लीग वाचणाऱ्याने मकार.

यासाठी गुणांची फोड करावी. पॉवर-प्लेमधले, म्हणजे शिक्षेमुळे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू बाहेर असतानाचे, किती आणि पाच-विरुद्ध-पाचमधले किती, हे प्रथम वेगळे काढावे. कारण पॉवर-प्लेवरची जागा एनएचएल संघात एखाद-दुसऱ्याच बचावपटूला मिळते, आणि ती हुकली की त्या गुणांचा उगमच आटतो. सहाय्यांपैकी किती पहिली (गोलाआधीचा शेवटचा पास) आणि किती दुसरी (त्याआधीचा पास), हेही पाहावे. प्रौढांच्या युरोपीय लीगमध्ये खेळणाऱ्या मुलाचे गुण जवळपास बाजूला ठेवून त्याला किती मिनिटे मिळतात आणि सामना अटीतटीचा असताना प्रशिक्षक त्याला बर्फावर ठेवतो का, याकडे लक्ष द्यावे. मोरिट्झ झायडरने मानहाइमकडून जर्मन लीगमध्ये २९ सामन्यांत ६ गुण केले होते. २०१९ मध्ये डेट्रॉइटने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले तेव्हा बहुतेकांना धक्का बसला. २०२२ मध्ये त्याने सर्वोत्कृष्ट नवोदिताचा काल्डर करंडक घेतला.

रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, रुंदीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. एनएचएलचा रिंक ८५ फूट रुंद असतो आणि पारंपरिक आंतरराष्ट्रीय मापाचा ३० मीटर, म्हणजे जवळपास ९८ फूट. रुंद रिंकवर बचावपटूला पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, हाताळायला क्षणभर अधिक मिळतो, पण प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात दाबणे कठीण जाते. त्यामुळे एखादा स्वीडिश मुलगा कडेला मागे पडलेला दिसला, तर त्याचा किती दोष रिंकचा, हे पडताळून पाहावे.

पायरी ५ : पूर्ण शिफ्ट (बर्फावरची एकेक पाळी) पाहा, निवडक क्षण नाही

हा सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत फलदायी भाग आहे. गोलांचे आणि चलाख पासांचे तुकडे जोडलेल्या चित्रफिती बाजूला ठेवून त्या खेळाडूचे पूर्ण सामने मिळवावेत, शक्यतो एक हंगामाच्या सुरुवातीचा, एक शेवटचा आणि एक बलाढ्य संघाविरुद्धचा. आणि पकऐवजी नजर त्याच्यावरच खिळवून ठेवावी.

सगळ्यांत आधी पाहायचा प्रसंग अगदी साधा आहे. प्रतिस्पर्धी संघ मध्यरेषेवरून पक आपल्या बचावपटूच्या पाठीमागे कोपऱ्यात फेकतो. बचावपटू वळतो आणि त्याच्यामागे धावतो. एक-दोन आक्रमक त्याच्या पाठीवर येत असतात. पकपाशी पोहोचायला त्याच्याकडे दोन-अडीच सेकंद असतात. त्या वेळात तो खांद्यावरून मागे पाहतो का? एकदाच पाहतो की पकला स्पर्श करण्याच्या ऐन आधी पुन्हा एकदा? पकपाशी पोहोचताना त्याचे शरीर भिंतीकडे तोंड करून असते, की तिरके, म्हणजे दोन्ही बाजूंना सुटता येईल असे? तो खांदा एका बाजूला झुकवून पाठलाग करणाऱ्याला चकवतो आणि दुसरीकडून निघतो का? आणि शेवटी पक सहकाऱ्याच्या स्टिकवर जातो, की तो नुसताच भिंतीवरून जोरात भिरकावून देतो आणि पुढची अडचण कडेला उभ्या असलेल्या विंगरच्या गळ्यात बांधतो? असे प्रसंग सामन्यात पुष्कळ येतात. कागदावर दोन रकाने आखून, सहकाऱ्यापर्यंत नीट पोहोचलेले पक आणि भिरकावलेले पक असे मोजत जावे. अंगापिंडाने भक्कम, शांत दिसणाऱ्या, ‘साधे खेळतो’ अशी वाहवा मिळवणाऱ्या कितीतरी मुलांचा दुसरा रकाना भरत जातो, आणि तेव्हा कळते की त्या साधेपणाचे कारण शहाणपण नसून त्याला दुसरे काही सुचत नाही, हे आहे.

त्यानंतर प्रतिस्पर्धी पक घेऊन वेगाने येत असतानाचा बचाव पाहावा. चांगला बचावपटू मध्यरेषेच्या आसपासच अंतर कमी करून आपल्या बचावक्षेत्राच्या सीमेवरील निळ्या रेषेवर प्रवेश अडवतो; कमजोर स्केटिंग असणारा आपण मागे पडू या भीतीने मागे मागे सरत गोलाच्या पुढ्यात जाऊन थांबतो. ज्युनियर पातळीवर हे सरकणे खपून जाते, कारण सतरा वर्षांचा आक्रमक तेवढ्या जागेचा फायदा उठवू शकत नाही. एनएचएलमधला उठवतो.

मोठ्या मजलेच्या खेळाडूची परीक्षा उलट टोकाला घ्यावी. तो प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेवर आडवे सरकत, एकाला चकवून नेमबाजी करताना मोहक दिसतो. पण तीच युक्ती प्रौढ, लांब स्टिकच्या आणि वेळेवर अंतर कमी करणाऱ्या खेळाडूसमोर चालेल का, हे विचारावे. अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा आणि जागतिक ज्युनियर स्पर्धा यासाठी उपयोगी पडतात, कारण तिथे त्याला त्याच्या तोडीचे खेळाडू भेटतात. पक गमावल्यानंतरचे त्याचे पुढचे पाच सेकंद तर अवश्य पाहावेत. जो हात वर करून पंचाकडे पाहतो, त्याच्या नावासमोर मी खूण करून ठेवतो.

पायरी ६ : दोषांची वर्गवारी करा

अठरा वर्षांच्या मुलात दोष असणारच. त्यांपैकी कोणते सुधारतात, हे ठरवण्यात निम्मी निवड असते. वजन आणि ताकद वाढते, बचावातील उभे राहण्याच्या जागा शिकवता येतात, नेमबाजी सुधारते. स्केटिंगमधील सरळ वेग मेहनतीने थोडाफार वाढतो, पण वळण्यातील आणि स्केटच्या कडांवर तोल सांभाळण्यातील सहजता नंतर फारशी येत नाही. दबावाखाली काय दिसते आणि किती लवकर दिसते, म्हणजे खेळाची समज, ती तर सर्वांत कमी बदलते. उंची हा दोष मानावा की नाही, हा गेल्या दशकातला खरा वाद आहे. ह्यूज ५ फूट १० इंचांचा आहे, फॉक्सही सहा फुटांच्या आतला. लेन हटसन तर ड्राफ्टच्या वेळी इतका लहानखुरा होता की २०२२ मध्ये तो दुसऱ्या फेरीत ६२ व्या क्रमांकापर्यंत घसरला, आणि मॉन्ट्रियलने तिथे त्याला उचलले; २०२४-२५ मध्ये ६६ गुण करून त्याने काल्डर करंडक मिळवला.

या नावांनी हुरळून जाऊ नये, कारण आपल्याला यशस्वी झालेलेच आठवतात. रायन मर्कलीने गुएल्फ स्टॉर्मकडून खेळताना ड्राफ्टच्या वर्षी सामन्यामागे एकाहून अधिक गुण केले होते. त्याच्या बचावावर आणि वृत्तीवर उघड शंका घेतल्या जात होत्या. तरी २०१८ मध्ये सॅन होजेने त्याला २१ व्या क्रमांकावर घेतले. एनएचएलमध्ये त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले. हटसन आणि मर्कली यांच्यात पकवरच्या कौशल्याचा फरक सांगता येईलच असे नाही. पक ताब्यात नसताना काय करायचे याची भूक मात्र हटसनमध्ये ठळक दिसत होती. लहान चणीचा खेळाडू घेताना त्याचे पाय आणि पक नसतानाची मेहनत या दोन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत. एक असेल आणि दुसरी नसेल, तर त्याची मजल कागदावरच राहते.

पायरी ७ : खोटी सुरक्षितता ओळखा

२०१२ चा ड्राफ्ट हा या विषयाचा सर्वोत्तम धडा आहे. त्या वर्षी पहिल्या दहा निवडींत आठ बचावपटू होते. चौथ्या क्रमांकावर आयलँडर्सने ग्रिफिन राइनहार्ट घेतला. ६ फूट ४ इंच उंची, वेस्टर्न हॉकी लीग जिंकलेल्या एडमंटन ऑइल किंग्जमधला शांत खेळ, एनएचएलमध्ये खेळलेले वडील. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. कारकिर्दीत तो एनएचएलचे ३७ सामने खेळला. लगेच पाचव्या क्रमांकावर टोरंटोने मॉर्गन रीली घेतला, जो गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्या हंगामात मूज जॉ या ज्युनियर संघाकडून साखळीचे १८ सामनेच खेळला होता. धोका त्याच्यात दिसत होता; पण तो दहा वर्षांहून अधिक काळ टोरंटोच्या वरच्या जोड्यांत खेळत राहिला. त्याच ड्राफ्टमध्ये १२० व्या क्रमांकावर कॅरोलायनाला जेकब स्लाव्हिन मिळाला, ज्याच्यासारखा निव्वळ बचाव करणारे आज लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

राइनहार्टची सुरक्षितता कशात पाहिली गेली होती? उंचीत, संघाच्या यशात आणि चुका न करण्यात. ज्युनियर पातळीवर चुका न होण्याचे एक कारण हे असते की तिथे पायांचा संथपणा उंचीने आणि लांब स्टिकने झाकला जातो. २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने दहाव्या क्रमांकावर डिलन मॅकइलरॅथ हा धिप्पाड, मारझोड्या बचावपटू घेतला आणि दोन क्रमांकांनंतर ॲनाहाइमला कॅम फाउलर मिळाला, जो पुढे दीड दशक वरच्या जोड्यांत खेळला. तेव्हाही हिशेब असाच चुकला होता. जागतिक ज्युनियर स्पर्धेत चमकलेला ओली युओलेवी २०१६ मध्ये व्हँकुव्हरने पाचव्या क्रमांकावर घेतला. संघाला बचावपटू हवा होता, आणि त्याचाच लंडन नाइट्समधला सहकारी मॅथ्यू तकाचुक सहाव्या क्रमांकावर कॅलगरीला गेला. युओलेवीला दुखापतींनी छळले, हे खरेच. त्याचा दोष कोणाला देता येत नाही. पण गरजेपोटी केलेली निवड सुरक्षित वाटते, ही वेगळी चूक आहे. निवडलेला बचावपटू तयार होईपर्यंत तीन-चार वर्षे जातात आणि तोवर संघाची गरजच बदललेली असते.

खरी सुरक्षितता कशी दिसते, हे पाहायचे असेल तर योनास ब्रोडीनकडे पाहावे. २०११ मध्ये मिनेसोटाने दहाव्या क्रमांकावर घेतला, तेव्हा तो काटकुळा होता आणि त्याच्या नावावर गुण जवळजवळ नव्हते. पण तो स्वीडनच्या वरच्या लीगमध्ये फारियेस्टाडकडून प्रौढांमध्ये शांतपणे खेळत होता, त्याचे पाय उत्तम होते आणि पक त्याच्याकडून सुटत नसे. तो मिनेसोटाच्या बचावात एक तपाहून अधिक काळ टिकला. उंची आणि वजन नव्हे, तर पाय आणि समज, हीच खात्रीची दोन खरी लक्षणे. आणि गंमत अशी की मोठ्या मजलेच्या खेळाडूतही आपण हीच दोन लक्षणे शोधत असतो.

पायरी ८ : हिशेब कागदावर मांडा

आता दोन काल्पनिक खेळाडू घेऊ. पहिल्या जोडीच्या खेळाडूचे मोल ८, दुसऱ्या जोडीचे ३, तिसऱ्या जोडीचे १ आणि न टिकणाऱ्याचे शून्य धरू. ‘क’ हा सुरक्षित : आपल्या अंदाजाने तो तिसऱ्या जोडीत जाण्याची शक्यता ६० टक्के, दुसऱ्या जोडीत २५, पहिल्या जोडीत ५ आणि वाया जाण्याची १०. ‘ख’ हा धाडसाचा : वाया जाण्याची शक्यता ४५ टक्के, तिसऱ्या जोडीत २०, दुसऱ्या जोडीत २० आणि पहिल्या जोडीत १५. बेरीज केली तर ‘क’चे मोल १.७५ येते आणि ‘ख’चे २. वाया जाण्याचा धोका साडेचार पट असूनही ‘ख’ पुढे राहतो.

आता तिसऱ्या जोडीचे मोल १ ऐवजी २ धरून पाहावे. ‘क’चे २.३५ होते, ‘ख’चे २.२ आणि क्रम उलटतो. म्हणजे सगळा वाद एका आकड्यावर येऊन ठेपतो : तिसऱ्या जोडीतला खेळाडू आपल्या लेखी किती मोलाचा? पहिल्या पायरीत सांगितल्याप्रमाणे, तो बाजारात स्वस्त मिळत असल्याने मी त्याला १ पेक्षा जास्त देत नाही. फँटसी लीगमध्ये तर त्याचे मोल शून्याच्या जवळ जाते, कारण तिथे बहुधा गुणच मोजले जातात. तिथे धाडसाकडे झुकावेच लागते. हे टक्के अर्थातच अंदाज आहेत. पण ते लिहून ठेवले की ‘मला तो आवडतो’ या भावनेला एक लगाम बसतो आणि दुसऱ्याशी वाद घालताना वाद कशावर आहे हे तरी कळते.

पायरी ९ : हक्क आणि वाट पाहण्याची मुदत

कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेल्या खेळाडूला करारबद्ध करायला संघाला आजवर साधारण दोन वर्षे मिळत आली आहेत. युरोपीय किंवा अमेरिकी महाविद्यालयीन मार्गाने जाणाऱ्याच्या बाबतीत चार. सप्टेंबर २०२६ पासून लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला नवा सामूहिक करार लागू होत असल्याने त्या त्या वर्षीचा नियम तपासून घ्यावा. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून ज्युनियर लीगमधील खेळाडूंना महाविद्यालयीन हॉकीची दारे उघडली आहेत, त्यामुळे पूर्वीची वाटणी आता तितकी काटेकोर राहिलेली नाही. कच्च्या पण मोठ्या मजलेच्या बचावपटूसाठी जास्त मुदत हा मोठाच लाभ असतो. त्याची दुसरी बाजू ॲडम फॉक्सच्या प्रकरणात दिसते. कॅलगरीने त्याला तिसऱ्या फेरीत अचूक हेरले. पण तो हार्वर्डमध्ये शिकत राहिला, त्याने करार केला नाही, २०१८ मध्ये त्याचे हक्क एका मोठ्या अदलाबदलीत कॅरोलायनाकडे गेले, तिथून ते रेंजर्सकडे पोहोचले आणि नॉरिस करंडक त्याने न्यूयॉर्कमध्ये जिंकला.

आपल्या संघाकडे तरुण बचावपटू घडवण्याची यंत्रणा किती धीराची आहे, हेही प्रामाणिकपणे तपासावे. एकोणिसाव्या वर्षीच वरच्या संघात ढकलून, चुकांबद्दल बाकावर बसवणाऱ्या संघाने धाडसी निवडी कमीच कराव्यात.

पायरी १० : गट पाडून यादी करा आणि ड्राफ्टच्या रात्री ती बदलू नका

एक ते शंभर अशी सरळ यादी फसवी असते, कारण अकराव्या आणि बाराव्या खेळाडूत फरक नसतो, पण बाराव्या आणि तेराव्यात मोठी दरी असू शकते. म्हणून जवळपास सारख्या मोलाच्या खेळाडूंचे गट पाडावेत. गटाच्या आत निवड करताना अनेक निवडी हाताशी असलेल्या संघाने धाडसी खेळाडूकडे आणि पहिल्या दोन फेऱ्यांत एकच निवड उरलेल्या संघाने खात्रीच्या खेळाडूकडे झुकावे. उजव्या हाताने खेळणारे बचावपटू कमी असल्याने बरोबरीत त्यांना किंचित झुकते माप देता येते. गट ओलांडून खाली मात्र जाऊ नये, मग गरज कितीही असो.

सरावासाठी २०२४ च्या ड्राफ्टमधील नववी आणि दहावी निवड घ्यावी. कॅलगरीने सॅगिनॉच्या झेन पारेखला घेतले, ज्याने बचावपटू असून ओंटारियो लीगमध्ये एका हंगामात ३३ गोल आणि एकूण ९६ गुण केले होते आणि ज्याच्या बचावाबद्दल ड्राफ्टपूर्वी बरीच कुरकुर होती. लगेच न्यू जर्सीने ६ फूट ७ इंचांच्या अँटन सिलायेव्हला घेतले, जो रशियातील टॉर्पेडो निझनी नोव्हगोरोदकडून सतराव्या वर्षीच प्रौढांमध्ये नियमित खेळत होता. दोघांचेही त्या हंगामातील पूर्ण सामने मिळवावेत, पाचव्या पायरीतील दोन रकाने भरावेत, आठव्या पायरीतील टक्के लिहावेत आणि कागदावर तारीख घालावी. सिलायेव्हसारख्या उंच खेळाडूच्या पायांबद्दल आणि पारेखसारख्या गुणवानाच्या पक नसतानाच्या वागण्याबद्दल आपण काय लिहिले, ते दोन वर्षांनी एकदा आणि पाच वर्षांनी पुन्हा एकदा उघडून पाहावे. बचावपटूच्या बाबतीत त्याआधी निकाल लावण्यात अर्थ नसतो.